एक रायन की दोन साधारण पिचर? कॅलिफोर्निया एंजल्सच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१९७९ च्या हंगामात कॅलिफोर्निया एंजल्स या बेसबॉल संघाने ८८ सामने जिंकून आपल्या इतिहासातले पहिले विभागीय विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच आपला सर्वांत वेगवान पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, नोलन रायन याला जाऊ दिले. अशा अभ्यासांत नावे झाकण्याची प्रथा आहे, पण इथे ती पाळण्यात अर्थ नाही. सगळी माणसे सार्वजनिक जीवनातली आहेत आणि आकडे लिहिले की नावे आपोआप कळतात.

बेसबॉल न पाहणाऱ्या वाचकासाठी थोडे आधी सांगायला हवे. काही पिचर फलंदाजाला चेंडू लागूच देत नाहीत आणि तीन स्ट्राइकमध्ये त्याला परत पाठवतात. ते स्ट्राइकआउट पिचर. काही पिचर फलंदाजाला मारू देतात, पण असा चेंडू देतात की तो जमिनीवर सरपटत किंवा हवेत उंच जाऊन क्षेत्ररक्षकाच्या हाती लागावा. ते कॉन्टॅक्ट पिचर. आपल्याकडे दांडी उडवणारा वेगवान गोलंदाज आणि टप्पा-दिशा धरून फलंदाजाला झेल द्यायला लावणारा गोलंदाज यांच्यात जो भेद आपण करतो, तसाच हा काहीसा आहे.

त्या काळात संघचालकांमध्ये एक समज घट्ट होता. स्ट्राइकआउट पिचरला एकेका फलंदाजामागे जास्त चेंडू टाकावे लागतात, प्रत्येक चेंडूत जोर घालावा लागतो, म्हणून त्याचा हात लवकर झिजतो. कॉन्टॅक्ट पिचर दोन-तीन चेंडूंत काम उरकतो, म्हणून तो दीर्घकाळ चालतो. ऐकायला हे पटण्यासारखे आहे, आणि एंजल्सकडे त्याला दुजोरा देणारे उदाहरणही घरातच होते.

रायन डिसेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून एंजल्समध्ये आला. १९७३ मध्ये त्याने ३८३ स्ट्राइकआउट घेऊन सँडी कोफॅक्सचा एका हंगामातला ३८२ चा विक्रम मोडला. १९७३ आणि १९७४ या दोन हंगामांत मिळून त्याने साडेसहाशेहून अधिक डाव टाकले (बेसबॉलचा सामना साधारणपणे नऊ डावांचा असतो आणि एका डावात प्रतिस्पर्ध्याचे तीन फलंदाज बाद करायचे असतात). १४ जून १९७४ रोजी बॉस्टनविरुद्ध त्याने तेरा डाव टाकले, १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि त्या एका सामन्यात २३५ चेंडू टाकल्याची नोंद आहे. आजचा एखादा प्रशिक्षक शंभराव्या चेंडूच्या आसपास राखीव पिचर बोलावण्यासाठी फोन उचलतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. १९७५ मध्ये त्याच्या कोपरातले हाडाचे सुटे तुकडे शस्त्रक्रियेने काढावे लागले. पुढच्याच वर्षी त्याने पुन्हा २८४ डाव टाकले.

दुसरा पिचर फ्रँक टॅनाना. हा डावखुरा, रायनहून सहा वर्षांनी लहान. १९७५ मध्ये त्याने २६९ स्ट्राइकआउट घेऊन अमेरिकन लीगमध्ये (सर्वोच्च पातळीच्या मेजर लीग बेसबॉलचे अमेरिकन आणि नॅशनल असे दोन भाग आहेत) पहिला क्रमांक मिळवला, १९७६ मध्ये २६१ घेतले. १९७७ मध्ये त्याने सलग चौदा सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकट्याने टाकले. त्या हंगामाच्या अखेरीस त्याचा हात दुखावला आणि शेवटचे आठवडे तो खेळू शकला नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

प्रश्न नेमका काय होता

रायनचा करार १९७९ अखेर संपत होता आणि जानेवारीत तो तेहतीस वर्षांचा होणार होता. संघाचे महाव्यवस्थापक बझी बवासी यांच्यापुढचा प्रश्न वरवर पाहता पैशांचा होता. फ्री एजंटची पद्धत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला हव्या त्या संघाकडे जाण्याची मुभा, सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती आणि खेळाडूंचे भाव झपाट्याने वाढत होते. पण पैशांच्या प्रश्नाआड दडलेला खरा प्रश्न हा होता की, या हाताने आणखी किती वर्षे काम होईल.

माझ्या मते या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले गेले आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. पहिला प्रश्न असा, की हात मोडेल का? दुसरा असा, की हाताची ताकद थोडी कमी झाली, आणि वयाने ती होतेच, तर त्यानंतर पिचर कामाचा उरेल का? स्ट्राइकआउटचा आकडा पहिल्या प्रश्नाबद्दल फार थोडे सांगतो. दुसऱ्याबद्दल मात्र तो बरेच काही सांगतो.

१९७८ चा हंगाम

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला लागणारी सामग्री एंजल्सच्या स्वतःच्या नोंदवहीत होती. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा विजय किंवा पराभव एकेका पिचरच्या नावावरही लिहिला जातो. १९७८ मध्ये टॅनानाने १८ सामने जिंकले आणि १२ गमावले. रायनने १० जिंकले आणि १३ गमावले. विजयांचा रकाना वाचणाऱ्याला वाटले असते की तरुण डावखुरा दुखण्यातून उठून उभा राहिला आहे आणि जुना वेगवान पिचर उतरणीला लागला आहे.

आता त्याच हंगामाचा दुसरा रकाना वाचू. टॅनानाचे स्ट्राइकआउट २३९ डावांत फक्त १३७ होते, म्हणजे नऊ डावांमागे पाचाच्या किंचित वर. तीन वर्षांपूर्वी हेच प्रमाण नऊच्या वर होते. त्याच वेळी रायनने २३५ डावांत २६० स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे नऊ डावांमागे जवळपास दहा, आणि लीगमध्ये पहिला क्रमांकही त्याचाच. टॅनानाच्या हातातला वेग गेला होता, पण संघाने केलेल्या धावा आणि क्षेत्ररक्षकांची साथ यांनी तो वर्षभर झाकला गेला. रायनच्या हातात काहीही बिघडलेले नव्हते. त्याचे पराभव मुख्यतः वॉकमुळे, म्हणजे चेंडू वारंवार दिशा सोडून गेल्याने फलंदाजाला न मारताच फुकट मिळालेल्या बेसमुळे (मैदानावरच्या पहिल्या टप्प्यामुळे), आणि पाठीशी न आलेल्या धावांमुळे झाले होते.

पुढच्या वर्षी टॅनानाला खांद्याच्या दुखण्यामुळे जेमतेम ९० डाव टाकता आले. रायनने २२३ डावांत २२३ स्ट्राइकआउट घेतले. म्हणजे विजयांच्या रकान्याने जे सांगितले त्याच्या नेमके उलटे घडले, आणि तेही करारावर निर्णय घ्यायच्या आधी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

याच १९७९ मध्ये एंजल्ससाठी सर्वाधिक डाव टाकणारा पिचर रायन नव्हता. तो होता डेव्ह फ्रॉस्ट, उंच, शांत, पक्का कॉन्टॅक्ट पिचर. त्याने २३९ डाव टाकले, रायनइतकेच १६ सामने जिंकले आणि फक्त १० गमावले. नऊ डावांमागे त्याचे स्ट्राइकआउट चारच्या आसपास होते. जुन्या समजुतीप्रमाणे वर्षानुवर्षे टिकायचा तो हा असाच पिचर.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: रायनला बाजारभावाने चार-पाच वर्षांचा करार द्यायचा. धोका उघड होता. कोपरावर शस्त्रक्रिया झालेली, अडीच हजारांहून अधिक डाव टाकून झालेले आणि वय वाढत चाललेले.

दुसरा पर्याय त्याला सोडून त्या पैशांत दोन साधारण पिचर आणण्याचा. बवासी यांचे त्या वेळचे विधान प्रसिद्ध आहे. रायनचा त्या हंगामातला हिशोब १६ विजय आणि १४ पराभव असा होता. ८ विजय आणि ७ पराभव असे दोन पिचर आणले की रायन भरून निघेल, असा त्यांचा आशय होता. अंकगणित म्हणून ते बरोबर आहे. दोन हंगामांचे मिळून पाहिले तर रायनचे २६ विजय आणि २७ पराभव भरत होते, त्यामुळे विजय-पराभव हेच माप मानणाऱ्या माणसाने असे म्हणणे त्या काळात वेडगळही नव्हते.

तिसरा पर्याय करार संपण्यापूर्वीच त्याला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात खेळाडू घेण्याचा. पण संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असताना हंगामाच्या मध्यावर पहिल्या फळीचा पिचर देणे कोणत्याही महाव्यवस्थापकाला अवघडच. मालक जीन ऑट्री यांचे वय सत्तरीपार गेले होते आणि त्यांना विजेतेपदाची घाई होती, हेही विसरता येत नाही.

चौथा पर्याय कमी वर्षांचा, पण टाकलेल्या डावांशी रक्कम बांधलेला करार. त्याचा विचार किती झाला याची नोंद माझ्या पाहण्यात नाही, म्हणून तो इथे फक्त शक्यता म्हणून मांडतो.

निर्णय आणि कृती

दुसरा पर्याय निवडला गेला. नोव्हेंबर १९७९ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजने रायनला वर्षाला दहा लाख डॉलरचा करार दिला. बेसबॉलमध्ये इतकी रक्कम मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. एंजल्सला बदल्यात मेजर लीगमधला एकही तयार खेळाडू मिळाला नाही. त्याच महिन्यात त्यांनी पिट्सबर्गचा ब्रूस किसन याला करारबद्ध केले. किसनने १९७९ मध्ये १३ सामने जिंकले होते आणि त्याचा संघ विश्वविजेता ठरला होता. स्ट्राइकआउट मात्र १७२ डावांत १०५ एवढेच.

परिणाम

१९८० मध्ये एंजल्सने ६५ सामने जिंकले, ९५ गमावले आणि ते सहाव्या स्थानावर घसरले. किसनला कोपराच्या दुखण्यामुळे तेराच सामन्यांत सुरुवात करता आली. ३ विजय, ६ पराभव. फ्रॉस्टचे कोपरही बिघडले. ४ विजय, ८ पराभव, पुढच्या वर्षी १ विजय आणि ८ पराभव. १९८२ च्या हंगामानंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. किसनच्या बाबतीत न्याय्य बोलायचे तर १९८२ आणि १९८३ मध्ये त्याने अनुक्रमे १० आणि ११ सामने जिंकून उपयोग करून दिला.

या घसरणीचा सगळा दोष रायनच्या जाण्याला देणे मात्र चूक ठरेल. त्या वर्षी संघातले फलंदाजही जायबंदी झाले होते, आणि खुद्द रायनने ह्यूस्टनकडून ११ विजय आणि १० पराभव असाच हंगाम काढला. तो असता तरी ६५ चे ८८ झाले नसते. एका वर्षाच्या निकालावरून या निर्णयाचे मोजमाप होत नाही. ते पुढच्या चौदा वर्षांवरून होते.

१९८१ मध्ये रायनने पाचवी नो-हिटर टाकली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण सामन्यात एकही हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणे) मिळू दिली नाही, आणि त्या वर्षी, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळल्या तर, नऊ डावांमागे त्याने फक्त १.६९ धावा दिल्या. १९८७ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्याने २७० स्ट्राइकआउट घेऊन नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. धावा देण्यातही तो सर्वांत कंजूस होता, तरी त्याच्या नावावर ८ विजय आणि १६ पराभव लागले. विजयांचा रकाना किती फसवा असतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. १९८८ नंतर ह्यूस्टनच्या मालकांनी मानधनात २० टक्के कपात सुचवली, म्हणून तो टेक्सास रेंजर्सकडे गेला आणि बेचाळिसाव्या वर्षी त्याने ३०१ स्ट्राइकआउट घेतले. सातवी आणि शेवटची नो-हिटर १ मे १९९१ रोजी, वय ४४.

एंजल्स सोडल्यानंतर त्याने १५७ सामने जिंकले आणि २,८०५ स्ट्राइकआउट घेतले. ५,७१४ हा त्याचा एकूण आकडा आहे, म्हणजे जवळपास निम्मे स्ट्राइकआउट ‘झिजलेल्या’ हाताने घेतलेले. २२ सप्टेंबर १९९३ रोजी सिएटलमध्ये कोपरातला अस्थिबंध फाटला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

टॅनानाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, आणि खरे तर ती अधिक उद्बोधक आहे. जानेवारी १९८१ मध्ये एंजल्सने त्याला बॉस्टनला दिले. वेग गेलेला हा पिचर मंद कर्व्ह (वळणारा चेंडू), चेंडूचा बदलता वेग आणि फलंदाजाच्या अपेक्षेबाहेरची जागा यांवर जगायला शिकला. शिकायला वेळ लागला. १९८२ मध्ये टेक्सासकडून तो १८ सामने हरला. पण ४ ऑक्टोबर १९८७ रोजी डेट्रॉइटला विभागीय विजेतेपद मिळवून देणारा टोरोंटोविरुद्धचा १-० चा सामना त्याने एकट्याने टाकला, आणि रायनप्रमाणेच १९९३ मध्ये तो निवृत्त झाला. एकूण विजय २४०.

स्ट्राइकआउट आणि टिकणे यांचा संबंध

१९८० च्या दशकात बिल जेम्स या विश्लेषकाने जुन्या नोंदी तपासून दाखवले की, समान यश मिळवलेल्या तरुण पिचरांमध्ये ज्यांचे स्ट्राइकआउट अधिक, तेच जास्त वर्षे टिकतात. डेट्रॉइटचा मार्क फिड्रिच हे दुसऱ्या टोकाचे ठळक उदाहरण. १९७६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने २५० डाव टाकून १९ सामने जिंकले, पण स्ट्राइकआउट फक्त ९७. पुढच्या वसंतात गुडघा दुखावला, मग खांदा. त्यानंतर संपूर्ण कारकिर्दीत त्याला आणखी दहाच विजय मिळाले.

यामागचे कारण गूढ नाही. फलंदाजाच्या बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी साधारण दहातले तीन हिट ठरतात, आणि हे प्रमाण बदलण्याची ताकद पिचरमध्ये फार थोडी असते; २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन याने ही गोष्ट आकड्यांनिशी मांडली. म्हणून स्ट्राइकआउट ही पिचरची स्वतःची, क्षेत्ररक्षकांवर न टेकलेली शिल्लक असते. नऊ डावांमागे नऊ स्ट्राइकआउट घेणाऱ्याचे तीन कमी झाले तरी १९७९ च्या हिशोबाने तो सरासरीच्या वरच राहतो, कारण तेव्हा लीगची सरासरी पाचाच्या आत होती. चार घेणाऱ्याचा एक जरी कमी झाला तरी त्याच्यापाशी खर्चायला काही उरत नाही. फ्रॉस्ट आणि टॅनाना यांचे हात जवळपास एकाच काळात बिघडले, पण एकाची कारकीर्द तीन वर्षांत संपली आणि दुसऱ्याची चौदा वर्षे चालली. स्ट्राइकआउट पिचरला उतारवयात कॉन्टॅक्ट पिचर होता येते. उलटा प्रवास जवळपास कोणालाच जमत नाही.

एक अपवाद मात्र एंजल्सच्याच दारात आला. ऑगस्ट १९८२ अखेर त्यांनी टॉमी जॉनला संघात घेतले. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ज्याच्या कोपरातला फाटलेला अस्थिबंध दुसरा स्नायुबंध लावून पुन्हा बांधला, आणि ज्याचे नाव त्या शस्त्रक्रियेला मिळाले, तोच हा जॉन. शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले आणि १९८९ पर्यंत, म्हणजे रायनइतक्याच वयापर्यंत तो खेळला. १९८३ मध्ये एंजल्सकडून २३५ डावांत त्याचे स्ट्राइकआउट केवळ ६५ होते. चेंडू खाली बुडवून जमिनीवर मारायला लावणे आणि अत्यंत कमी वॉक देणे, या दोन गोष्टी त्याला असामान्य साधल्या होत्या. तरीही १९८४ मध्ये ७ विजय, १३ पराभव, आणि १९८५ च्या जूनमध्ये संघाने त्याला मोकळे केले. तरुणपणी जॉनचेही स्ट्राइकआउट लीगच्या सरासरीच्या आसपास होते, ही बारीक गोष्ट त्याचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे हात मोडण्याकडे, परत आले पाहिजे, कारण तिथे चित्र इतके सरळ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने प्रसिद्ध केलेल्या अहवालात पिचरांच्या वाढत्या दुखापतींसाठी अधिक वेग, चेंडूला अधिक वळण देण्याची धडपड आणि प्रत्येक चेंडूवर पूर्ण जोर लावण्याची सवय यांकडे बोट दाखवले आहे. या तिन्ही गोष्टी स्ट्राइकआउटसाठीच केल्या जातात. रायनला २३५ चेंडू टाकूनही काही झाले नाही म्हणून ते कोणालाही मानवेल, असे समजणे घातक ठरेल. संघाच्या वजनउचल यंत्रांवर तो १९७२ पासून व्यायाम करीत असे, आणि त्या काळात बहुतेक प्रशिक्षक पिचरने वजने उचलू नयेत असे सांगत. टाकताना त्याचा बराच जोर पायांतून येई. टॅनानाला चौदा पूर्ण सामन्यांचा भार झेपला नाही. ह्यूस्टनमधला रायनचा सहकारी जे. आर. रिचर्ड १९७९ मध्ये ३१३ स्ट्राइकआउट घेऊन नॅशनल लीगमध्ये पहिला आला होता. हात थकल्याची तक्रार तो करीत होता आणि ३० जुलै १९८० रोजी रक्ताच्या गुठळीमुळे त्याला पक्षाघाताचा झटका आला. मेजर लीगमध्ये तो पुन्हा खेळला नाही. ते दुखणे स्ट्राइकआउटच्या कोणत्याही आकड्यात दिसले नसते. तक्रार ऐकून तपासणी केली असती तर कदाचित दिसले असते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा टप्पा १९७९ चा नोव्हेंबर नव्हता, १९७७ चा उन्हाळा होता. तेवीस वर्षांच्या पिचरला सलग चौदा पूर्ण सामने टाकायला लावणे त्या काळच्या रिवाजाला धरून होते, पण त्या संघाकडे राखीव पिचर होतेच. दर दोन सामन्यांनंतर सातव्या डावात त्याला उतरवले असते तरी काही विजय हातचे गेले नसते, आणि संघ तसाही त्या वर्षी शर्यतीत नव्हता.

दुसरा टप्पा १९७८ च्या अखेरीचा. टॅनानाच्या अठरा विजयांकडे पाहून समाधान मानण्याऐवजी त्याचे स्ट्राइकआउट निम्म्याजवळ का आले, हे विचारायला हवे होते. त्यासाठी संगणक लागत नव्हता; धावफलकाचे कागद आणि भागाकार पुरेसा होता. तेव्हा त्याला विश्रांती आणि नव्या शैलीचा सराव मिळाला असता तर जे तो बॉस्टन आणि टेक्सासमध्ये ठेचा खात शिकला, ते एंजल्सच्या पदरात पडले असते. शिवाय तेव्हा त्याचा बाजारभावही चांगला होता.

रायनच्या बाबतीत बवासी यांनी चुकीचे माप वापरले, हे खरे, आणि त्यांनी पुढे ती आपली मोठी चूक असल्याचे मोकळेपणाने मान्यही केले. पण योग्य माप वापरूनही संकोच वाटणे साहजिक होते, कारण तेहतिशीच्या पिचरने आणखी चौदा वर्षे टाकावे असा अंदाज कोणीही बांधला नसता, आणि बांधायला नकोही होता. तीन किंवा चार वर्षांचा अंदाज मात्र बांधता आला असता. स्ट्राइकआउटमध्ये लीगमध्ये पहिला, वॉक २०४ वरून दोन वर्षांत ११४ वर आलेले, कोपराची शस्त्रक्रिया होऊन चार हंगाम उलटलेले. एवढ्यावर चार वर्षांचा करार करणे जुगार ठरला नसता. ह्यूस्टनने तेवढेच केले. त्या चार हंगामांत, त्यातला १९८१ चा हंगाम खेळाडूंच्या संपामुळे तोकडा पडला असूनही, रायनने त्यांना आठशेहून अधिक डाव टाकून दिले, आणि चौथ्या वर्षी २७ एप्रिल १९८३ रोजी मॉन्ट्रियलमध्ये वॉल्टर जॉन्सनचा अर्धशतकाहून जुना, संपूर्ण कारकिर्दीतल्या स्ट्राइकआउटचा विक्रम मोडला तेव्हा त्याच्या अंगावर अॅस्ट्रोजचा शर्ट होता.